रावजीच्या नावाने गाऱ्हाणं

आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालायचा, मान आमच्या घराण्याचा. आवाज मोठा, अक्कल बेताची; दोन्ही वडिलोपार्जित.

अकरा वर्षांपूर्वी माझं मेहुण्याशी, रावजीशी, पक्षापायी वाजलं. तो त्याच्या पक्षाचा नेहमीचा उमेदवार, मी माझ्या पक्षाचा. "तुझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असं बहिणीला, गोदाला, तोऱ्यात सांगून आलो. दुसऱ्याच दिवशी पस्तावलो. पण हा गंगाराम शब्दाचा पक्का ना! गाढव मेला.

यंदा दोन बड्या पक्षांनी निवडणुकीआधीच पंचायत समितीचं सभापतीपद वाटून घेतलं. अडीच वर्षं तुझं, अडीच वर्षं माझं. मतदार गेले खड्ड्यात. त्या कराराविरुद्ध आमच्या दोन किडूकमिडूक पक्षांनी युती केली आणि उमेदवार ठरला रावजी. वरून आदेश आला, एकदिलाने काम करा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माघार न घेता गोदाकडे जेवायला जाता येणार होतं, तेही पक्षादेशाने.

प्रचाराचा नारळ देवळात फोडायचा होता. गोदाही आली होती. मी डोळे मिटून सुरुवात केली, "बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमल्येत..."

"होय महाराजा!"

सांगणारा थांबला की बाकीच्यांनी होकार भरायचा. काय सांगितलं ते कोण ऐकतो? मीसुद्धा ऐकत नव्हतो. जीभ आपली दर निवडणुकीच्या सवयीने पुढे गेली, "आणि त्या रावजीचं डिपॉझिट जप्त कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे गरजले. रावजीचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग सगळ्यांनी डोळे उघडले. मी घाईघाईने दुसरा नारळ फोडला, चुकलो म्हणालो, नवीन गाऱ्हाणं घातलं, पण गोदाकडे जेवायला जायचं तोंड राहिलं नाही. देवाने पहिलंच मनावर घेतलं. रावजीचं डिपॉझिट गेलं, युती आठवड्यात मोडली आणि बडे आपल्या करारासकट निवडून आले.

निकालानंतर घरात तोंड लपवून बसलो होतो, तर रावजी आणि गोदा दारात.

"गंगाराम, तुझं देव ऐकतो रे!" म्हणत रावजी हसत सुटला. मीही हसलो. गोदा हसली नाही.

"दादा, दर निवडणुकीला हेच मागत होतास?"

"होय गो."

"मग एकदा तरी माझ्याकडे यायला मिळू दे, असं मागायचंस."

तिचं घर पऱ्ह्याच्या, त्या एवढ्याशा ओढ्याच्या, पलीकडे, हाकेच्या अंतरावर. तेवढ्यासाठी देव कशाला लागत होता मला? डोळे भरून आले. मी चपला शोधायला लागलो.