सर्जेरावचा हात वर होईपर्यंत

सर्जेराव आणि मी परळीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम केलं. पट्टा म्हणजे कोळसा वाहून नेणारा रुंद रबरी कन्व्हेअर. तो तुटला की टोकं सारखी कापायची, घासायची, गरम करून जोडायची. सर्जेरावने जोडलेला सांधा पुन्हा सुटलेला मी पाहिला नाही. घाई त्याला जमत नव्हती, ढिलाई खपत नव्हती.

कोळसा फोडणाऱ्या क्रशरजवळ माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तिथे आम्ही हातांनी बोलायचो. मनगट गोल फिरवलं म्हणजे पट्टा चालू करतोय. समोरच्याने हात वर केला तरच बटण दाबायचं. नवा माणूस आला की सर्जेराव पहिल्याच दिवशी त्याला बजावायचा, "न कळलेल्या खुणेला हात वर करायचा न्हाई. जीव जातो." एकाने उगाच हात वर केला तेव्हा सर्जेरावने त्याला टोळीतून काढलं. तो त्याचा सख्खा मेहुणा होता.

कानात घालायचे बोळे सगळ्यांना मिळायचे. सर्जेराव ते खिशात ठेवायचा. बेअरिंग बिघडायच्या आधी वेगळी वाजते, ती ऐकू आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बेअरिंग त्याने पुष्कळ वाचवल्या. कान गेले. पुढे कानाचं मशीन आणलं, पण त्याने आवाज वाढायचा, शब्द उमटत नव्हते. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

निवृत्तीनंतर तो घाटनांदूरला राहायला गेला. मुलगी माया पुण्यात गुरू ग्रहावर संशोधन करते. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि आठवड्याचं काम ती बापाला समजावून सांगायची. सर्जेराव फोन कानाला लावून "हां... बरं... हां" करत बसायचा. बायकोला, सरूबाईला, त्याने ताकीद दिली होती, "पोरीला सांगू नको. कळलं तर ती सांगायचंच बंद करंल."

ती गावी आली की साध्या बोलण्यापुरतं तो तिच्या ओठांकडे बघून निभावून न्यायचा. अशी कित्येक वर्षं गेली.

यंदा बाबासाहेबांच्या जयंतीला माया गावी आली होती. मलाही जेवायला बोलावलं होतं. विहारात वंदना झाली, बाहेर मांडवात पोरांची भाषणं झाली. मग मंडळाचा नवनाथ म्हणाला, "आता मायाताईनं दोन शब्द सांगावेत."

माया हसली. "माझ्यापेक्षा आबा चांगलं सांगतील. त्यांना सगळं ठावं हाय."

नवनाथने त्याला हाताला धरून उठवलं. सर्जेराव माईकसमोर उभा राहिला. माईक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "ती ग्रह बघती. ग्रह कुठं हाय, कुठं चाललाय, ते."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजे पत्रिका बघती का बे? माझा मंगळ विचार!"

मांडव हसला. आपल्या पोरीची पत्रिका कधी कोणाला दाखवली नाही असं ते घर. सर्जेरावला टोमणा ऐकू आला नाही. लोक हसले म्हणून तोही हसला. माया मात्र खाली बघत बसली.

घरी आल्यावर ती थेट आत गेली. माठातून पाणी घेताना, पाठ करूनच म्हणाली, "आबा, माझं एकाबी रविवारी ऐकलं न्हाई का तुमी?"

सर्जेराव पायातल्या चपला काढत होता. काढतच राहिला.

तिने वळून पाहिलं. "आबा?" मोठ्याने. मग आईकडे बघितलं. सरूबाईने पदर तोंडाला लावला. "तू बोलतीस तेवढंच त्यांला सुख होतं, बाई."

माया माठाजवळच खाली बसली. सर्जेरावने ओट्यावरून मला हाताने विचारलं, काय झालं? मी खूण केली, कळलं तिला. त्याने मान फिरवली.

माया आमच्या हातांकडे बघत होती. "भागवतकाका, हे काय बोललात?"

मी सांगितलं.

"मग माझंबी सांगा त्यांना."

"तू मला सांग. मला कळलं तरच मी पुढं सांगीन."

काम सोपं नव्हतं. तिला दोन-तीनदा थांबवावं लागलं. गुरू हे मोठं चुंबक आहे आणि दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतं. चुंबकाची खूण आमच्याकडे होती, पट्ट्यावर लोखंड ओढून घेणारं चुंबक टांगलेलं असायचं. त्याचा आयो नावाचा चंद्र ज्वालामुखीतून वायू ओकतो. तो वायू विजेने भारला जातो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. वेल्डिंगच्या जाळातही तोच, असं ती म्हणाली, म्हणून मी वेल्डिंगची खूण दिली. हा माल चुंबकाच्या न दिसणाऱ्या रेषांना चिकटून फिरतो. बोजा वाढतो. सूर्याच्या उलट्या बाजूला रेषा पट्ट्यासारख्या ताणल्या जातात. वरची आणि खालची रेषा एकमेकींजवळ येतात, तिथे तुटतात आणि नव्याने जुळतात. बाहेरचा तुकडा प्लाझ्माचा गोळा घेऊन कायमचा निघून जातो. आतली रेषा हलकी होऊन मागे झटका खाते. पण गोळ्यांतून जाणारा माल मोजला तर तो आयोतून येणाऱ्या मालापेक्षा फार कमी भरतो, हिशेब जुळत नाही. बाकीचा माल कसा जातो, हे माया शोधते.

सर्जेराव माझ्या हातांकडून नजर काढत नव्हता. दोनदा त्याने मान हलवली, कळलं नाही. मी परत केलं. शेवटी त्याने हात वर केला. मग तोंडाने मुलीला विचारलं, "तुटताना आवाज हुतो का?"

इतक्या वर्षांतला त्याचा पहिला प्रश्न. तिने नुसतं नाही म्हणून मान हलवली.

"मंग मला तितं कामाला लावा," तो म्हणाला. हसला आणि डोळे पुसले. "पहिल्यापासून सांग. सगळे रविवार."

तिने सुरुवात केली. पण रजा संपली, गाडीची वेळ झाली. सगळे रविवार परत सांगून होत नाहीत. बरेचसे तिच्याही लक्षात राहिले नव्हते.

आता ती व्हिडिओवर हातांनी बोलते. खुणा कच्च्या आहेत. घाटनांदूरला चित्र अडकतं, तिचा हात मध्येच थांबतो. सर्जेराव फोन भिंतीला टेकवून बसतो, स्वतःचा हात मांडीवर ठेवून. ती परत करते. कळल्याशिवाय तो हात वर करत नाही.