उसाच्या वाटेवरच्या विभक्ती

पत्रकार व्हायला व्याकरण कशाला लागतं, हे मला तेव्हा काही केल्या कळत नव्हतं. बातमी आणायची, लिहायची, छापायची. त्यात विभक्ती कुठून आल्या? पण जुन्नरच्या आमच्या कॉलेजात पत्रकारिता घेतली की पहिल्या वर्षाला व्याकरणाचा पेपर सक्तीचा. नापास झालात तर वर्ष गेलं. हजेरी कमी भरली तर परीक्षेलाच बसू देत नसत. बरं, शिकवणारे सर दिवसा शाळेत असायचे, म्हणून हा तास सगळ्यांत शेवटी, संध्याकाळी. निम्मी पोरं पेंगायची, निम्मी घड्याळाकडे बघायची. मी खिडकीतून ऊन कुठवर उतरलंय ते बघायचे, कारण मला वारूळवाडीला घरी जायचं होतं आणि वाटेत ऊस होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे उसात बिबट्या राहायला आला होता. बिबट्या म्हणायचे वनखात्याचे लोक. आम्ही वाघच म्हणायचो. आधी कुत्री गेली, मग शेळ्या. मग शेजारच्या मळ्यात खुरपणाऱ्या एका बाईवर त्यानं झडप घातली. ती वाचली, पण मानेवरच्या खुणा झाकायला पदर कायम गुंडाळून बसायची. ती आली की बायकांच्या गप्पा आपोआप थांबायच्या. वनखात्याचे लोक जीपवर भोंगा लावून सांगत फिरले, एकटं फिरू नका, मोठ्यानं बोलत चला, उसाच्या कडेला वाकून काम करू नका.

वडील म्हणाले, "बास झालं आता कॉलेज."

मी आदळआपट केली, जेवले नाही. शेवटी आई मध्ये पडली. "मी आणीन तिला रोज. तुमी तुमचं मार्केट बघा." वडील संध्याकाळी नारायणगावला टोमॅटोच्या मार्केटात असायचे, त्यांना येणं शक्यच नव्हतं. त्यांनी अट घातली. "नुसता दिसला जरी, तरी कॉलेज बंद. मग रडायचं नाय."

एसटी कधी येईल त्याचा काही भरवसा नसायचा, आणि म्हशीची धार टाकून आईला सडकेवर ताटकळता येत नव्हतं. म्हणून ती कच्च्या वाटेच्या निम्म्यावर, आमच्या बांधाशी येऊन थांबायची. तिथपर्यंत मी एकटी. मोठ्यानं बोलत चला म्हणे! एकटीनं डोंबल बोलायचं काय? गाणी म्हटली असती, तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं की पोरगी तिन्हीसांजेला गाणी म्हणत हिंडती. तोडगा आईनंच काढला. "अभ्यास म्हण की मोठ्यानं. अभ्यासाला कोण नावं ठेवतंय?"

झालं. सडक सोडली की मी ओरडायचे, "द्वितीया!" आणि उसापलीकडून आईचा आवाज यायचा, "स, ला, ते!" चौथी शिकलेली बाई, पण चुलीपुढं माझी घोकंपट्टी ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. मी "पंचमी" म्हणायचे, ती "ऊन, हून" म्हणायची. आवाज जवळ येत जायचा आणि माझी पावलं भराभर पडायला लागायची.

हिवाळ्यात एकदा एसटी वाटेत बंद पडली. मी उतरले तेव्हा दिवस पार बुडत आला होता. पानंसुद्धा हलत नव्हती. मी ओरडले, "द्वितीया!"

उत्तर नाही.

पुन्हा ओरडले. नाही. आधी माझं डोकंच फिरलं. बसली असेल कुणाशी तरी गप्पा मारत, म्हटलं, आणि इथं माझा जीव चाललाय. मग लक्षात आलं, वस्तीवरची उरलेली कुत्रीही भुंकत नाहीयेत. माझी पाचावर धारण बसली. मागं सडक लांब राहिली होती. मी वळणापाशी आले, तर आई बांधावर ताठ उभी. हातात विळा, पायाशी कापलेलं गवत पसरलेलं. रिकामे हात तिला कधी ठाऊकच नव्हते, माझी वाट बघता बघता ती वाकून गवत कापत बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या उसाकडे बघत होती, आणि एक हात मला थांब म्हणून दाखवत होती.

मी काय केलं असेल? विभक्ती म्हटल्या. प्रथमेपासून संबोधनापर्यंत, घसा फाटेस्तोवर, रडत रडत. ऊस एका जागी हलला, मग त्याच्या पलीकडे हलला, मग लांब. पिवळं काहीतरी दिसलं, तेवढंच.

आईनं माझं मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही. दारात म्हणाली, "मान वर केली तर समोरच बसल्याला. आवाजच फुटंना गं." मग डोळे पुसून दटावलं, "ह्यांना बोलायचं नाय. कळलं तर तुझं कॉलेज गेलं."

दुसऱ्या संध्याकाळी मी भीत भीत ओरडले, आणि उसापलीकडून उत्तर आलं, नेहमीपेक्षा मोठ्यानं. विळा घरी ठेवून, हातात काठी घेऊन ती उभी होती. पुढं कॉलेजचं वर्ष संपेस्तोवर उभी राहिली. मला वाटायचं, आपली आई म्हणजे काय, वाघालाही भीत नाही! त्या दिवसापासून घरी गेलं की मला गार भाकरी मिळायला लागली. मी रोज कुरकुर करायचे. आधी आई गरम भाकरी ताटात टाकायची. आता सगळ्या दुपारीच थापून टोपल्यात झाकलेल्या असायच्या.

व्याकरणात मी पास झाले. पुढच्या वर्षी तास दुपारीच संपणार होते. आईला सांगितलं तेव्हा ती म्हशीला वैरण टाकत होती.

"म्हंजी आता मला तिथं उभं राहायला नको ना?" तिनं विचारलं.

मी हसले. ती हसली नाही. वैरणीची पेंढी हातात तशीच धरून मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"रोज निघताना वाटायचं, आज काय मी माघारी येत नाय," ती म्हणाली. "म्हणून तुमच्या भाकरी करूनच निघायची."