व्हॅनच्या आतला काळा थर

माझ्या नवऱ्याने एक सेकंडहँड पांढरी व्हॅन घरासमोर आणून उभी केली, त्या दिवशी मी त्याच्याशी कडाकडा भांडले. आम्ही अमेरिकेत, ट्रॉयमध्ये राहतो. इथे आमच्या ओळखीतला जो तो गाड्यांच्या कुठल्यातरी कंपनीत इंजिनिअर, आणि नवराही वीस-बावीस वर्षं तेच करत होता. मग त्याची नोकरी गेली. आता म्हणे तो म्हाताऱ्या लोकांच्या बाथरूममध्ये आधाराला धरायचे दांडे बसवणार, पायऱ्यांना कठडे लावणार. "अरे, एम.टेक. करून तू प्लंबर होणार?" मी ओरडले. दांडे बसवणारा प्लंबर नसतो, एवढंही त्याने मला सुनावलं नाही. नुसतं "हं" म्हणाला.

त्या "हं"चीच मला धास्ती होती. नोकरी गेल्यापासून आठ महिने त्याचा सगळा संसार "हं"वर चालला होता. चहा हवा? हं. लेकीचा फोन आलाय. हं. हाच माणूस पूर्वी जेवताना गाडीच्या सीटमधल्या स्प्रिंगवर अर्धा अर्धा तास बोलायचा आणि मी वैतागायचे. आता जेवताना फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. लेक कॉलेजातून फोनवर म्हणाली, "आई, लेट हिम ट्राय ना. ॲट लीस्ट ही इज गेटिंग अप." तिचं खरं होतं. व्हॅन आल्यापासून तो सकाळी दाढी करून बाहेर पडायला लागला होता.

पहिलं काम इथल्या मराठी मंडळातल्या एका ऐंशी वर्षांच्या काकूंकडे, पुढच्याच आठवड्यात होतं. त्याआधी व्हॅनला आतून रबरासारखा चिवट काळा थर द्यायचा होता. उघड्या पत्र्यावर हत्यारं घासतात, हिवाळ्यात बुटांबरोबर रस्त्यावरचं मीठ आत येतं आणि बघता बघता तळ गंजतो. तीन दिवस तो आत रांगत होता. गंज खरवडला, पत्रा पॉलिश पेपरने घासला, शेवटी ॲसिटोनने पुसून लख्ख केला. घरचा ओटा त्याने जन्मात कधी असा पुसला नव्हता.

शनिवारी सकाळी तो अंघोळीला गेला आणि मला राहवेना. आमच्याकडे गाडी आली की पूजा होते. या व्हॅनची मी रागाच्या भरात केली नव्हती. मी ताम्हण घेऊन मागच्या दारातून आत चढले. बाहेर बॉनेटवर केली असती तर नवऱ्याच्या नजरेला पडली असती, आणि महिनाभर भांडल्यावर अशी हार कबूल करायची माझी तयारी नव्हती. पाण्यातलं कुंकू पत्र्यावर पसरतं म्हणून मी ते तेलात कालवलं, तळाच्या मधोमध ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. याला परत बोलता कर, एवढंच मागितलं. मग पेपर टॉवेलने सगळं पुसून टाकलं. डाग दिसेनासा झाला आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकायला गेले.

दोन डब्यांतली रसायनं त्याने एकत्र ढवळली. एकदा मिसळली की तासाभरात लावून संपवायची, नाहीतर डब्यातच घट्ट होऊन बसतात. मी दाराशी उभी होते. तो आतल्या टोकापासून रोलर फिरवत मागे मागे येत होता. थर कसा एकसारखा बसत होता. मधोमध आल्यावर मात्र तो फाटायला लागला. लावला की भोकं पडून बाजूला सरकायचा आणि खालचा पत्रा डोकवायचा. त्याने पुन्हा रोलर फिरवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

रोलर ट्रेमध्ये ठेवून तो उकिडवा बसून राहिला. "हेही नाही जमत मला," तो म्हणाला. "काकूंना फोन कर आणि सांग, मी येत नाही. कॅन्सल कर सगळं."

आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच इतकं बोलला, आणि बोलला ते हे! मी गप्प बसले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. पण त्याचे ते पडलेले खांदे मला बघवेनात.

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "तिथे तेल आहे. मी सकाळी पूजा केली."

"कसली?"

"या खटाऱ्याची, दुसरी कसली! तेलातल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि पुसून टाकलं."

त्याने मास्क खाली ओढला. "तू? व्हॅनची पूजा केलीस?"

"केली. आता हवं तेवढं ओरड."

तो ओरडला नाही. चक्क हसला. "किती मोठं काढलं होतंस? दाखव." मी हाताने दाखवलं. "आणि पुसलंस कुठल्या दिशेने?" ते मात्र मला आठवेना. त्याने अंदाजाने ऐसपैस चौकोन धरला, त्यातलं ओलं चिंधीने निपटून काढलं आणि ब्रश माझ्या हातात कोंबला. "हा पॅच उद्या करू. कडा तू घे, यार, टाइम नाहीये."

डबा संपला तेव्हा आम्ही दोघं मागच्या बंपरवर टेकलो. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आणि तो बोलायला लागला. तेलावर थर का धरत नाही, नुसतं पुसल्याने तेल जायच्याऐवजी पसरतं कसं, पृष्ठताण म्हणजे काय. दोन्ही हातांनी हवेत आकृत्या काढत होता, पाणी प्यायलाही थांबला नाही. मला पहिल्या दोन मिनिटांतच कळलं होतं. तेलाच्या तव्यावर पाणी कसं पळतं, हे मला कोणी शिकवायला नको.

"समजलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "परत सांग."