डांबराखालचा नंबर

सगळ्यात आधी हे सांगते, की गाडी माझी आहे. भावाची नाही, मामाची नाही, कुणी माझ्या लग्नात द्यायला घेऊन ठेवलेली नाही. आमच्या घरात बाईच्या नावावर कधी काही नव्हतं. घर नाही, शेत नाही, विजेचं मीटरसुद्धा नाही. मी मुरबाडच्या एका पोराकडून जुनी मोटरसायकल घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर ती माझ्या नावावर करून घेतली.

त्या पोराने गाडीचं पार सोंग करून ठेवलं होतं. सायलेन्सर फोडलेला, हँडल वर उचललेलं, आरसे गायब. ते सगळं मी परत होतं तसं करून घेतलं. पण मग माझीही हौस होतीच. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून सीटचा फोम कापून ती खाली आणली. आणि मागच्या चाकाजवळचं साडीगार्ड कापून तिथे लोखंडी कॅरिअर जोडून घेतलं, भाताचं पोतं गिरणीवर न्यायला.

कापताना किन्हवलीचा वेल्डर म्हणाला होता, "ताई, मागं बाईमाणूस बसतं ना?"

"बसतं," मी म्हटलं. "पण आडवं बसत नाय."

माझी आई लुगड्याचा कासोटा मारते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. डोळखांबच्या पुढे आमच्या पाड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या तशाच बसतात. आमच्या चढावर एका बाजूला पाय सोडून बसलं, तर गाडी वर पोचेल आणि माणूस खाली राहील.

गाडीला पंधरा वर्षं होत आली. त्यानंतर ती तपासून पुन्हा पास करून घ्यावी लागते, नाहीतर रस्त्यावर आणता येत नाही. आणि नेमकी तेव्हाच मला नोकरी लागली. पाड्यापाड्यावर जाऊन विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करायचे. नेमणुकीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: स्वतःची दुचाकी, चालू कागदपत्रांसह. रुजू व्हायचं सोमवारी. शहापूरला आरटीओचा कॅम्प त्याआधीच्या गुरुवारी, आणि पुढचा थेट महिन्याने. म्हणजे गुरुवारी गाडी पास झाली नाही तर नोकरी दुसऱ्या कुणाची. आमच्या घरात कॉलेजचा दाखला आणणारी मी पहिली. तो दाखला पत्र्याच्या पेटीत ठेवून परत भात लावायला जायचं, हे मला मान्य नव्हतं.

किन्हवलीला जाऊन कॅरिअरच्या आतल्या बाजूने नवं साडीगार्ड बसवून घेतलं. कायदा आहे ना, घ्या. पण कॅरिअर काढलं नाही.

आईने तिच्या परीने तयारी केली. पावसाआधी ती दरवर्षी घराच्या खांबांचे बुडखे डांबराने सारवते, वाळवी लागू नये म्हणून. रस्त्याच्या कामावर तिची कितीतरी वर्षं गेली, डांबर तिच्या हाताचं. त्या रविवारी खांब झाले, डब्यात डांबर उरलं, समोर गाडी उभी. तिने गाडीचं दिसेल ते लोखंड मानेपासून शेपटापर्यंत सारवलं. गुरुवारपर्यंत ऊन खाऊन ते चांगलं सुकलं. गाडी काळीकुळकुळीत चमकत होती. मी खूश झाले. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, की त्या मानेवरच, हँडलच्या खाली, गाडीचा चेसिस नंबर कोरलेला असतो.

"मी पन येते," आई म्हणाली. "तुझी गाडी पास व्हते का नाय ते बघते."

कॅम्पच्या मैदानात शिरतो न शिरतो तोच एक एजंट आडवा आला. खिशाला चार पेनं.

"मॅडम, मॉडिफाय गाडी हाय. अशी नाय पास होत. कागद द्या इकडं."

"फॉर्म मी भरलाय."

"भरला असंल. लाइनीत कोण उभं राहनार?"

"मी. पाय आहेत मला."

"बरं, मालक कुठं हायत?"

"तुमच्यासमोर."

तो हसला. हसू दे. मी लाइनीत उभी राहिले. मैदानात बाईमाणूस आम्ही दोघीच.

इन्स्पेक्टरसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, सायलेन्सर, आरसे सगळं पाहिलं. ब्रेक लावून दाखवायला सांगितला, दाखवला. मग कॅरिअरपाशी थांबले.

"हे काय आहे?"

"कॅरिअर. हँडलच्या रुंदीबाहेर जात नाही, मोजून बघा. आणि आत साडीगार्ड आहे."

त्यांनी खरंच मोजलं. मग आईकडे बघून म्हणाले, "पण मावशी, तुम्ही या कॅरिअरवरून बसता कशा?"

आईने टांग टाकली आणि बसून दाखवलं. "अशी. मी काय नवरी हाय, आडवं बसाया?"

मागच्या लाइनीत हशा पिकला. साहेबही हसले, आणि कागदावर टिक केली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्यांनी हँडल वळवलं, वाकून मानेखाली पाहिलं आणि बोट फिरवलं. बोट काळं झालं नाही, पण नंबरही लागला नाही.

"चेसिस नंबर कुठाय?"

मी वाकून पाहिलं. मानेवर नुसतं डांबर.

"ताई, नंबर दिसत नाही तोवर ही गाडी कुणाची हेच मला कळत नाही. पुढच्या कॅम्पला या."

"पुढचा कॅम्प नको. आत्ता काढते."

"दोनला मी उठतो," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

एजंट बिडी ओढत तिथेच उभा होता. "पॉलिश पेपर देऊ का? पन नंबर घासला गेला तर गाडी चोरीची धरतील हां."

"तुजा कागुद तुज्यापाशी ठेव," आई म्हणाली. "सुकं घासलं का लोखंड जातं नि डांबर ऱ्हातं. आनि ती बिडी इझव आधी, नायतर लांब जा."

मग मला म्हणाली, "पेटरोल काढ गो."

मी टाकीची नळी उपसली आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पेट्रोल धरलं. आईने पिशवीतून चुंबळ काढली, डोक्यावर हंडा घ्यायला गुंडाळायचा तिचा फडका. पेट्रोलमध्ये टोक बुडवून ते डांबरावर दाबून धरलं. घासलं नाही. दाबायचं, थांबायचं, पुसायचं. रस्त्यावरून आल्यावर ती स्वतःचे पाय असेच साफ करायची, फक्त तेव्हा डिझेल असायचं.

लोक बघायला जमले. खरं सांगते, क्षणभर वाटलं, ही इथे अशी उकिडवी बसायला नको होती. मग स्वतःचाच राग आला. कॉलेजात न शिकवता शिकलेली ती लाज मी त्या मैदानात टाकली आणि आईच्या शेजारी बसले.

एकेक अक्षर वर आलं. दीडच्या पुढे साहेब पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन आले. कागद नंबरावर धरून पेन्सिल घासली, छाप उठला. तो त्यांनी आरसी बुकाशी ताडून पाहिला, आणि कपाळाला आठी पडली.

"बुकात शेवटी आठ आहे. इथे तीन आलाय."

एजंट म्हणाला, "बघा, मी बोललो नव्हतो?"

आईला वाचता येत नाही. तिने साहेबांच्या हातातलं बुक सरळ ओढून घेतलं. एक बोट बुकावर, एक बोट लोखंडावर, अशी ती एकेका खुणेवरून चालत शेवटापर्यंत गेली.

"ह्यो अर्धा बुजलाय," ती म्हणाली. अंबाड्यातली पिन काढली, तिचं टोक शेवटच्या आकड्याच्या डाव्या अंगाला फिरवलं आणि भातातला खडा काढावा तसं डांबराचं ढेकूळ उचकटून काढलं. "आता घ्या."

साहेबांनी नवा कागद लावला. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं आईने. पेन्सिल घासली. आठ. चांगला गोल, दोन पोटांचा इंग्रजी आठ.

त्यांनी सही केली. बुक माझ्याकडे देता देता थांबले आणि आईला म्हणाले, "मावशी, पुन्हा डांबर लावू नका."

"लावनार," आई म्हणाली. "नायतर लोखंड गंजंल."

एजंट दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागला होता. मी मुद्दाम त्याच्या समोरून गाडी काढली, आई मागे टांग टाकून.

सोमवारी मी कामावर रुजू झाले. आज त्याच कॅरिअरला पाण्याच्या बाटल्यांची पेटी बांधलेली असते. यंदा पावसाआधी खांब सारवून झाल्यावर आईने पुन्हा गाडी सारवली. फक्त नंबराच्या जागी आधी सागाच्या पानाचा तुकडा चिकणमातीने डकवला, आणि सारवून झाल्यावर सोलून काढला.