फुलपात्राची जागा

“गाडी ऱ्हाऊ दे तितंच. भांडं दाखवा आदी.”

दुकानापुढं गाडी उभी राहिली की चाचांचं हे पहिलं वाक्य. रामराम, ख्यालीखुशाली नंतर. माणूस यायचा गाडीतला मोडका कपहोल्डर घेऊन, आणि चाचा त्याच्याकडं पाणी प्यायचं भांडं मागायचे. नवखा असेल तर चक्रावूनच जायचा. रहिमतपूरच्या स्टँडकडनं तुम्ही कधी गेला असाल, तर सीट कव्हरांच्या चवडीआड, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन बसलेला हा म्हातारा तुम्हीही बघितला असेल. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहानथोर सगळ्यांचे ते चाचा.

त्यांचे वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. चाचांनीही उमेदीची वर्षं त्यातच काढली. मग घरोघर स्टील आलं, कल्हईचा धंदा बसला, आणि चाचा गाड्यांच्या आतल्या कामात शिरले. सीट कव्हर, दाराची हँडलं, खिळखिळे कप्पे, सगळं करायचे. पण डोकं भांड्यांचंच राहिलं.

“कंपनीनं ह्यो गाळा केलाय कशापायी? थंडाच्या डब्यापायी,” ते म्हणायचे. “आपल्यात डबा कोन पितंय, सांगा बरं? मग मोडंल न्हाईतर काय हुईल?”

एकदा एका ऊसवाल्या बागायतदारानं जीपच्या कपहोल्डरात तांब्या कोंबून होल्डरचे दोन तुकडे केले होते. चाचांनी तांब्या हातात घेतला, सगळ्या बाजूंनी फिरवला आणि त्या भल्या माणसालाच झापलं. “तांब्या बुडाला धरत्यात व्हय? गळ्याखाली धरायचा आसतोय त्यो.” आणि पत्र्याचं कडं करून तसा बसवून दिला. पाटणकडचे एक निवृत्त सुभेदार आपला पलटणीतला मग घेऊन आले, तर चाचांनी मगाच्या कानासाठी बाजूला खाच ठेवली. सुभेदारांनी दुकानातच कडक सॅल्यूट ठोकला. चाचा असे लाजले की सीट कव्हरांच्या चवडीआड जाऊन बसले.

आता माझं सांगतो. माझ्या गाडीचा कपहोल्डर मोडला तो मीच. उगाच दुसऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

आमच्या हिचं आठवड्यातनं दोनदा साताऱ्याला डायलिसिस असतं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय. दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत भरायचं, त्याच्यावर एक घोट नाही. पण डायलिसिस झालं की जीव पाण्यासाठी तडफडतो, हे जवळ बसलेल्यालाच कळतं. बाटली तोंडाला लावली तर एका घोटाचे चार होतात. शिवाय झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात, आणि सुया टोचलेला डावा हात जपायचा. म्हणून मी निघताना तिच्या वाटणीचं पाणी एका लहान फुलपात्रात ओतून कपहोल्डरात ठेवायचो. ती वाटेत घोट घोट घ्यायची.

एके दिवशी स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. गाडी आदळली, फुलपात्र कलंडलं आणि सगळं पाणी पायाशी सांडलं. चूक माझी, आणि ओरडलो तिच्यावर. “धरता येत नाही का जरा?” तिनं नुसतं तोंड खिडकीकडं फिरवलं. त्यानं तर माझं टाळकंच सरकलं. मी रागारागात कपहोल्डर असा आत ढकलला की काडकन मोडला. पुढचा सगळा रस्ता ती सुकल्या ओठांनी बाहेर बघत होती. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

साताऱ्याच्या शोरूममधला पोरगेला साहेब म्हणाला, “हे मॉडेल बंद झालंय काका. पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन गाडी बघा ना.” सांगलीच्या आमच्या चिरंजीवांचंही तेच टुमणं. त्यानं एसीच्या जाळीला अडकवायचा एक कपहोल्डर ऑनलाइन मागवून पाठवला. तो तिसऱ्या दिवशी गळून पडला. पुढचे काही दिवस ती फुलपात्र मांडीवर धरून बसायची आणि मी बैलगाडीच्या वेगानं गाडी हाकायचो. शेवटी चाचांकडं गेलो.

‘पार्ट येत नाही’ हे तीन शब्द ऐकले आणि चाचा भडकले. “येत न्हाई म्हंजे? पळून ग्येलाय काय त्यो? त्यांनी हात टेकलं म्हून आमी टेकायचं व्हय, मास्तर?” मी पोस्टातनं निवृत्त झालो, तरी त्यांच्यालेखी मास्तरच होतो.

फुलपात्र त्यांनी ठेवून घेतलं. शेतातल्या पाइपलाइनचा तुकडा गरम करून त्याला अचूक आकार दिला, आतनं मऊ रेग्झिन लावलं, पत्र्याच्या पट्टीवर रिबिटं मारून पक्कं बसवलं. काम इतकं देखणं की कंपनीनं मान खाली घालावी. गाडी खड्ड्यात घातली तरी फुलपात्र जागचं हलेना. मी खूश.

आणि परतीच्या वाटेवर हिला ते निघेचना. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. बोटांत जोर कुठला? मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. मला तान न्हाई लागली.” मी गाडी बाजूला घेतली, फुलपात्र काढून तिच्या हातात दिलं. सगळं एका दमात प्यायली. म्हणे तहान नाही.

चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. “मी भांडं बगितलं, मास्तर,” ते म्हणाले. “हात बगितलाच न्हाई.”

“असू द्या हो चाचा. मी थांबवत जाईन गाडी. देत जाईन तिला काढून.”

बस्स! म्हातारा उसळलाच माझ्यावर. “तुमी द्येनार, आन् त्येंनी दर येळेला मागायचं व्हय? आदीच मोजून पानी. त्ये बी मागून प्यायचं? ह्ये न्हाई चालायचं. मी येतो संगट.”

ऐन बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि आमच्या मागच्या सीटवर येऊन बसले. डायलिसिस होईपर्यंत चार तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. परतीच्या वाटेवर दोन सीटांच्या मधनं मुंडकं घालून तिच्या हाताकडं बघत होते. “ताई, नुसतं उचलायला बगा. पिऊ नका. आता आंगठा कुटं ग्येला? हां. पुन्ना एकदा.” मला मध्येच दम, “मास्तर, तुमी म्होरं बगा.” ती पहिल्यांदा संकोचली, मग चांगलीच रंगली. “चाचा, मधलं बोट वळत न्हाई माजं,” तिनं आपणहून सांगितलं. हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसरा कपहोल्डर समोरनं उघडा होता. अंगठा आणि एक बोट सहज आत जावं एवढी जागा, आणि तळाला स्पंज. बोट लावलं की फुलपात्र वर सरकायचं. पहिल्याच दिवशी तिनं चालत्या गाडीत, कुणाला न मागता, आपल्या हातानं घोट घेतला आणि परत जागेवर ठेवलं. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. ते तिला कळलं. “आवं, गाडी वाइच जोरात घ्या की,” ती म्हणाली, “काय मुंगीगत चाललाय!”

त्यानंतर चिरंजीवांनी नव्या गाडीचा विषय काढला, तेव्हा तिनं फोन माझ्या हातातनं काढून घेतला. “त्या गाडीत माजं फुलपात्र कुटं ठिवू, त्ये सांग आदी.” तो विषय तिथंच मिटला.

यंदाच्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुकानात काम करता करता छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. आम्ही त्या दिवशी साताऱ्याला होतो, मातीला पोचू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत टेकलो, तोच चाचांची सून पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली. काठोकाठ भरलेले. तिला बिचारीला काय माहीत! हिचं त्या दिवशीचं पाणी तर घरीच संपलं होतं. मी हात आडवा घालून सांगणार, तेवढ्यात हिनं ग्लास उचलला. मी डोळे वटारले.

“चाचांच्या घरात बी मोजूनच प्यायचं व्हय?” ती म्हणाली.

आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग माझा ग्लास उचलला आणि तोही रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं आणि उठून आत बायकांच्यात रडायला गेली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. काट्यावरचं वजन बघून सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मावशी, पाणी जास्त झालंय. काय केलंत काल?”

मी मध्ये पडून काहीतरी सारवासारव करणार होतो. हिनं मला हातानंच अडवलं.

“प्याले,” ती म्हणाली. “पोटभर प्याले.”