शकूताईचा टाका

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. शकूताईला तर नाहीच नाही. इतकी वर्षं तोंड मिटून बसले आणि आता तुम्हाला सांगायला निघालेय — का, ते मलाही नीट माहीत नाही. बहुतेक तुम्ही ताईला ओळखत नाही, म्हणून.

पण आधी त्या ॲम्प्लिफायरचं सांगू दे. त्याची आठवण आली की आजही मला आधी बरंच वाटतं, अपराधी नंतर. व्हॉल्व्हचा होता. फळ्यांच्या पेटीत बसवलेला, पुढे तीन बटणं, त्यातलं एक नुसतं शोभेचं. स्विच दाबल्यावर लगेच काही व्हायचं नाही. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लालसर व्हायच्या, तापलेल्या धुळीचा वास यायचा, मग बारीक घुरघुर — आणि तोवर आमच्या गोवंडीच्या खोलीत सगळे आपोआप गप्प झालेले असायचे. मी हवाइयन गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. काय भरून यायचा तो आवाज! हल्लीची यंत्रं माझी चूक जशीच्या तशी तोंडावर फेकतात. तो बिचारा थोडं झाकून घ्यायचा.

तो ताईने उभा केला होता. शकूताई, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर घर तिनेच ओढलं. अंधेरीला रेडिओ बनवायच्या कारखान्यात ती सोल्डरिंगला होती. वायर जोडून तापल्या शिशाचा थेंब द्यायचा, त्याला ती टाका म्हणायची. नव्या मुलींना तिचे टाके दाखवून शिकवायचे, आणि हे ती घरी येऊन आम्हाला न चुकता सांगायची. गर्व होता तिला. का नसावा? मी फक्त गिटार शिकायचीय म्हणाले होते. एका मंडपवाल्याने टाकून दिलेलं मोडकं मशीन तिने उचलून आणलं आणि कितीतरी रविवार त्यात डोकं घालून बसली. बोट भाजलं की तोंडात घालायची आणि पुन्हा कामाला लागायची. लोकांच्या बहिणी रिबिनी आणून देतात. माझ्या बहिणीने मला आवाज दिला.

आता त्या संध्याकाळचं. नाही — आधी वायरींचं सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. ॲम्प्लिफायर एका पेटीत आणि स्पीकर दोन वेगळ्या पेट्यांत. एक वायर ॲम्प्लिफायरपासून पहिल्या स्पीकरला, तिथून दुसरी वायर दुसऱ्याला. ताईने मला बजावलं होतं की स्पीकर जोडल्याशिवाय हे कधीही चालू करायचं नाही. आतला जोर बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो आतलंच काहीतरी जाळतो.

विहारासमोर जयंतीचा मंडप होता आणि त्यात मी एकटी वाजवणार होते, पहिल्यांदाच. ताईने सगळं मांडलं, जोडलं आणि ती खीर वाटायला गेली. मी बघते तर माझ्या गिटारची वायर घरीच राहिलेली. घर काही लांब नव्हतं, दोन गल्ल्या. पण नवी साडी, केसांत गजरा, आणि मला तेवढ्यात जरा वाजवून बघायचं होतं. स्पीकरची वायर अगदी तशीच. दोन स्पीकर आहेत, एक तरी वाजेल, असं मनाशी म्हणत मी पहिल्याची वायर उपसली आणि गिटारला लावली. ताईचं बजावणं विसरले होते का? खूपदा विचारलंय स्वतःला. विसरले नव्हते. मला चालायचा कंटाळा आला होता.

आवाज येईना. दुसऱ्याला जोर पहिल्याकडूनच जात होता, म्हणजे दोन्ही स्पीकर तुटले होते. मी बटण पूर्ण फिरवलं, तारा जोरजोरात छेडल्या — आणि जळका वास आला.

मी काय केलं? स्विच बंद केला, वायर होती तिथे परत खोचली आणि घरी गेले. हो, त्याच दोन गल्ल्या. माझी वायर घेऊन परतले तेव्हा माणसं बसली होती आणि ताई पुन्हा पुन्हा स्विच दाबत होती. नळ्या पेटत होत्या, आवाज नव्हता. वासाचं कुणाला काहीच वाटलं नाही. देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग जवळ, आमच्याकडे जळक्या वासाला कोण विचारतं?

ताई स्टेजवरून उतरली, सगळ्यांसमोर माझे हात धरले आणि म्हणाली, "माझाच एखादा टाका कच्चा राहिला गं. माफ कर मला."

आणि मी तिला माफ केलं.

हेच सांगायचं होतं मला. यंत्र जाळलं, ते एक वेळ सोडा. "असू दे गं ताई, होतं कधी कधी," असं म्हणाले मी — वर तिच्या पाठीवरून हात फिरवला. बायका म्हणाल्या, धाकटी किती समजूतदार.

त्यानंतर ताईने ती पेटी उघडूनही पाहिली नाही, घरी पुन्हा टाका मारला नाही. थोड्या दिवसांनी कारखान्यातही स्वतःहून पॅकिंगला बदलून घेतलं. हाताचा भरवसा राहिला नाही म्हणाली. रिटायर होईपर्यंत खोकी बंद करत राहिली. मी रोज तिच्या हातचं जेवत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोलले.

आणि ती? मला दुसरा ॲम्प्लिफायर आणून दिला, तयार, दुकानातला. माझी गिटार सुटू दिली नाही. आज मुलुंडला माझा क्लास आहे, मुलं येतात, दोन माणसं मला ओळखतात — सगळं तिचं देणं आहे. तिचे उपकार मी मोजत नाही, मोजता यायचे नाहीत.

परवा ताईकडे गेले होते. तिच्या नातीने, प्राचीने, कुठूनसा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणलाय. हल्लीच्या पोरांना त्याचं वेड लागलंय. आत एक वायर सुटलेली. प्राचीने सोल्डरिंगची कांडी आजीपुढे धरली. ताईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको गं बाई, माझा टाका टिकत नाही. हिला विचार, हिचा पहिला कार्यक्रम मीच बुडवला."

माझ्याकडे बघून हसली ती. मीही हसले.

मग प्राचीने वेडावाकडा टाका मारला. शेजारी बसलेल्या ताईची बोटं पदराखाली हलत होती. नळ्या लाल झाल्या, घुरघुर आली, आणि प्राचीने तिच्या गिटारची तार छेडली. ताईने डोळे मिटले. किती वर्षांनी आम्ही दोघी तो आवाज ऐकत होतो. आपला असाच होता ना गं, असं तिने मला विचारलं.

मी हो म्हणाले.

आपला याहून चांगला होता, ताई. त्यातला एकही टाका कच्चा नव्हता. वायर मी काढली होती.