श्रीखंडाच्या डब्याची मशकबीन

फुप्फुसं निकामी झाली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "भाता गेला माझा." उभं आयुष्य ठाण्याच्या एका बँडपथकात मशकबीन, म्हणजे काखेतल्या पिशवीची बॅगपाइप, फुंकली त्यांनी. टेंभी नाक्यावरच्या मिरवणुकीत ढोलांच्या वरून त्यांचा सूर यायचा. आता डोंबिवलीत, माझ्या घरी, नाकात ऑक्सिजनची नळी आणि मांडीवर नुसतीच हलणारी बोटं. ती बघवेनात.

मग कुठूनतरी कळलं, की स्कॉटलंडात तोंडाने न फुंकता, कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायची छोटी मशकबीन असते. सरळ मागवायची ना! पण नाही, मी इंजिनियर. वायरिंगच्या पाइपला भोकं पाडली, रेक्झिनची पिशवी शिवली आणि सूर काढणाऱ्या पत्त्या कापल्या श्रीखंडाच्या डब्यातून. डब्यावर डबे वाया गेले.

"अहो, डबा तुमचा, पण आतलं श्रीखंड आम्ही कुठवर गिळायचं?" बायको म्हणाली. बाबा हसले, मग खोकले, मग ओठ निळे पडले. त्यानंतर घरात विनोद बंद.

भात्याचा पट्टा बाबांच्या कोपराला बांधला. त्यांनी दाबला, आणि पिशवी फुगायच्या ऐवजी पार चपटी झाली. हवा एकाच दिशेने सोडणाऱ्या दोन्ही झडपा मी उलट्या बसवलेल्या.

"अरे, हा तर आतली हवा पितोय," बाबा धापा टाकत म्हणाले. "माझाच एक्स-रे काढलायस."

झडपा फिरवून बसवेपर्यंत आठवडा गेला, आणि बाबांच्या दंडातलं बळही. दोनदा दाबला की श्वास संपायचा. शेवटी भाता माझ्या कोपराला, पिशवी माझ्या काखेत आणि बोटं त्यांची, असे पलंगावर चिकटून बसलो. खर्ज घुमला. त्यावर मिरवणुकीची जुनी चाल, थरथरत, पण तीच.

"एकसारखा दाब रे. खड्ड्यातून रिक्षा चालवतोयस का?"

दुसऱ्या ओळीत बोटं भोकांवरून सुटली. वरचा सूर नुसता किंचाळायला लागला. बाबांचे डोळे मिटलेले.

"बाबा?"

मी दाबतच राहिलो. हात थांबला तर सगळंच थांबेल, असं काहीतरी डोक्यात बसलेलं. बायको धावत दारात आली, पण कानांवर हात ठेवले नाहीत तिने.

बाबांचे ओठ हलले. "बोटांना दम लागलाय. तू सोडू नकोस."

माझा दंड भरून आला होता. दाबत राहिलो.